मुलाचा पगार

माझ्या नणंदेचा फोन एरवी सणासुदीलाच येतो. त्या दिवशी भर दुपारी आला. मी रिसेप्शनवर होते आणि समोर पुण्याचं एक कुटुंब एसी चालत नाही म्हणून माझ्यावर तापलं होतं. मी फोन कापला. तो लगेच परत आला. पाहुण्यांची खोली बदलून दिली आणि मागच्या पडवीत जाऊन फोन घेतला.

"वहिनी, तुमच्या हॉटेलात तो चष्मेवाला मुलगा आहे ना, श्रीवर्धनकडचा? आपल्या पोरीला सांगून आलाय."

"अगंबाई! चांगला आहे की. व्यसन नाही, बोलायला नम्र, कामाला वाघ."

"ते झालं हो. पण पगार बत्तीस हजार सांगतायत. खरा का? तुम्ही आतल्या, तुम्हाला माहीतच असणार."

मी मोठ्यानं हसले. "फुगवून सांगितलाय, ताई. सोयरीक जुळवताना सगळेच चार-पाच वर चढवतात. तुम्ही वीस-बावीस धरून चाला."

फोन ठेवला आणि कामाला लागले. हसू मात्र फार वेळ टिकलं नाही.

आमचं रिसॉर्ट दिवेआगरला, सुपारीच्या वाडीत. चारच खोल्या होत्या तेव्हापासून मी तिथे आहे. हा मुलगा दोन वर्षांपूर्वी आला. त्याला सगळं मीच शिकवलं. ऑनलाइन बुकिंग कसं बघायचं, चिडलेल्या पाहुण्याशी काय बोलायचं, पापलेट कुणाकडून घ्यायचं, दिघीची फेरीबोट बंद पडली तर आगरदांड्याला अडकलेल्या पाहुण्यांना कसं आणायचं. आम्हा दोघांच्या छातीवर एकच पट्टी होती, ड्यूटी मॅनेजर. माझा पगार एकोणीस हजार. मग मी शिकवलेल्या मुलाला बत्तीस कसा असेल? खोटंच असणार. आणि खोटं नसेल तर?

हा "तर" संध्याकाळी माझ्या स्कूटीवर मागे बसून बोर्लीच्या घरापर्यंत आला.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. त्यानं नवी मोटारसायकल घेतली होती. मी धरून चालले होते की हप्त्यावर असेल. चहाचे पैसे तोच सगळ्यांचे द्यायचा. मला वाटायचं, लग्नाचं वय आहे, ऐट करतोय. आता प्रत्येक गोष्टीचा दुसरा अर्थ दिसायला लागला. शेठ त्याला केबिनमध्ये बोलवायचे तेव्हा दार लोटलेलं असायचं. मला बोलवायचे तेव्हा उघडं. यात काही होतं की नव्हतं, कोण जाणे, पण मला दिसत राहिलं.

एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, यंदा दिवाळीला किती वाढले?"

तो कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून म्हणाला, "ताई, शेठनी सांगितलंय, पगाराचं आपापसात बोलायचं नाही."

मलाही शेठनी हेच सांगितलं होतं, अगदी हळू आवाजात, मर्जीतल्या माणसाला सांगावं तसं. इतकी वर्षं माझी समजूत होती की माझा पगार इतरांपेक्षा जास्त आहे, बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून ते मला जपून राहायला सांगतायत. ते आठवून कान तापले.

शेठ पेणकडचे. त्यांच्या आजोबांची मिठागरं होती. वडिलांनी ट्रक घेतले आणि यांनी रिसॉर्ट बांधलं. माणूस वाईट नाही. माझ्या मुलीच्या आजारपणात स्वतःची गाडी दिली होती. चक्रीवादळात वाडीतली निम्मी सुपारी आडवी झाली, पत्रे उडाले, तेव्हा त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं, "आता अर्ध्या पगारावर दिवस काढा, पुन्हा उभं राहिलं की बघू." आम्ही काढले. रिसॉर्ट पुन्हा उभं राहिलं, सहा खोल्या वाढल्या, तरण तलाव झाला. पगार मात्र होता त्याच आकड्यावर परत आला आणि तिथून मुंगीच्या पावलानं सरकला. मी विषय काढला की म्हणायचे, "बाय, यंदा सीझन कुठं झाला? सगळ्यांना तेवढंच दिलंय." या "सगळ्यांना"वर मी कधी संशय घेतला नव्हता.

घरी नवऱ्याला सांगितलं. ते बोर्ली-श्रीवर्धन मिनिडोर रिक्षा चालवतात. ते म्हणाले, "तू काही विचारू नकोस. ऐकीव गोष्टीवर गेलीस आणि उद्या घरी बसवलं तर?" बोलणं काळजीचं होतं. तरी मी त्यांच्याकडेही निरखून पाहिलं. यांनाही माझे एकोणीस बरोबर वाटतात की काय?

नणंद म्हसळ्याला राहते. बघण्याच्या कार्यक्रमाला तिनं मला मुद्दाम बोलावलं, "तुम्ही समोर असलात म्हणजे खोटं बोलायची हिंमत नाही होणार." मुलगा आई-वडिलांबरोबर आला. मला बघून जरा गडबडला. भाची पोह्यांच्या बश्या घेऊन आली, ओलं खोबरं पेरलेले पोहे. ती तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासते, लाजणारी नाही, खुर्ची ओढून समोर बसली. शिक्षण, शेती, देवधर्म सगळं बोलून झालं. मग नणंदेच्या नवऱ्यानं घसा साफ केला.

"पगार किती म्हणालात?"

मुलगा चमचा खाली ठेवून म्हणाला, "बत्तीस. हातात एकतीसच्या आसपास येतात." मग माझ्याकडे बघून, "ताईंना माहीत असणारच."

मला माहीत नव्हतं. पण तो माझ्यासमोर बसून खोटं बोलणार नाही, एवढं मी त्याला दोन वर्षांत ओळखलं होतं. माझ्या हातातल्या बशीचं वजन एकदम वाढल्यासारखं झालं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"खरं आहे," मी म्हणाले.

मुलाचे वडील खुश झाले. कौतुकानं म्हणाले, "मग तुमचा तर याच्याहून जास्त असणार. तुम्ही जुन्या, त्याच्या गुरू."

काहीतरी हसून वेळ मारून नेता आली असती. चाळीस म्हटलं असतं तरी तिथे खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. पण माझ्या तोंडून खरंच निघालं.

"माझा एकोणीस आहे."

बाहेर कोंबडीवाला ओरडत गेला. मुलाचा चेहरा असा उतरला की मला त्याच्याबद्दलचा संशय तिथल्या तिथे सोडावा लागला. त्याला ठाऊक नव्हतं. तो मला वरच्या पगाराचीच समजत होता.

मुलाच्या आईनं मला धीर द्यायला म्हटलं, "बाईमाणसाला पुरे होतो हो. घर चालवायला नवरा असतोच की."

तेव्हा भाचीनं मुलाला विचारलं, "तुम्हालाही असंच वाटतं का?" त्यानं आईकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाला, "नाही." आवाज लहान होता, पण निघाला.

सोमवारी मी केबिनमध्ये गेले आणि या वेळी दार मी लोटलं.

"शेठ, माझा पगार त्याच्याएवढा करा."

त्यांनी आधी आकडा नाही विचारला. "कोनी सांगितलं तुला?" एरवी पाहुण्यांसमोर मॅडम म्हणणारा माणूस रागावला की पेणच्या बोलीवर येतो.

"त्यानंच. पोहे खाताना, सगळ्यांसमोर."

ते म्हणाले, तो रात्री थांबतो. मी म्हणाले, आठवड्यातून दोन रात्री, आणि शनिवार-रविवारी सकाळची सगळी गर्दी माझ्या अंगावर. मग म्हणाले, त्याला उद्या संसार करायचाय. मी म्हणाले, मी तो कधीपासून करतेय. शेवटी ते खुर्चीत मागे रेलले. "तू घरच्यासारखी. घरचं माणूस असा हिशेब करतं का?"

या वाक्यानं मी याआधी कितीदा विरघळले होते. त्या दिवशी वाटलं, हे वाक्य त्यांनी त्या मुलाला एकदा तरी म्हटलं असेल का?

त्यांनी चोवीस देतो म्हटलं, शिवाय पट्टीवर "सीनियर". मी विचार करून सांगते म्हणाले.

हरिहरेश्वरला एक नवं हॉटेल उघडत होतं. तिथल्या बाईंना मी फोन केला, भेटायला गेले. त्यांनी मला काय काय येतं ते विचारलं आणि अठ्ठावीस सांगितले. घरापासून लांब होतं, पण सांगितले. मी ते शेठना येऊन सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्यादेखत तिथे कुणाला तरी फोन लावला, दुसरंच काहीबाही बोलून खात्री करून घेतली आणि फोन ठेवून म्हणाले, "तीस."

"बत्तीस का नाही?"

"बरोबरीचा दिला तर तो नाराज होईल ना."

मला हसावं की रडावं कळेना. मी त्याला आत बोलावून घेतलं आणि शेठसमोरच विचारलं, "मला तुझ्याएवढे मिळाले तर तू नाराज होशील?" तो घाबरला होता, नोकरी त्याचीही होती. पण मान हलवून नाही म्हणाला. पुढच्या महिन्यापासून बत्तीस सुरू झाले.

गोष्ट इथे गोड व्हायला हवी. भाचीनं होकार दिला, मुलगा मला आता ताईऐवजी मामी म्हणतो, नवऱ्यानं पेढे आणले. पण एकदा गेलेला भोळेपणा पगारासोबत परत येत नाही. शेठ माझ्याशी गोड बोलले की मी शब्द उलटून बघते. त्या मुलाचा आणखी वाढवला असेल का, असं मनात येतंच. मी विचारते, तो नाही म्हणतो, मी मानते. पुढल्या महिन्यात पुन्हा विचारते.

परवा रिसेप्शनसाठी एक मुलगी आली, दिघीकडची, बी.कॉम. झालेली. शेठ मला म्हणाले, "तूच घे तिची मुलाखत. बाराला तयार होईल. तू सांगितलंस तर ऐकेल." आधी त्या जागी असलेल्या मुलाला पंधरा होते, हे मला आता माहीत होतं. बारा माझ्या तोंडून वदवून का घ्यायचेत, तेही कळायला वेळ लागला नाही.

मुलाखत झाल्यावर मी तिला वाडी दाखवायच्या निमित्तानं बाहेर नेलं. म्हणाले, "तुला बारा सांगतील. तू अठरा माग, पंधराच्या खाली उतरू नकोस. आधीच्या मुलाला पंधरा होते."

ती थांबली. केबिनच्या खिडकीकडे बघितलं, मग माझ्या छातीवरच्या पट्टीकडे.

"मॅडम, तुम्ही तर त्यांच्या बाजूच्या. मला हे का सांगताय?"

तिचा संशय मला आवडला. मी म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्या आधीच्या मुलाचा नंबर देते, त्यालाच विचार."

तिनं लगेच फोन काढला आणि नंबर लिहून घेतला.