गाळावरचे टोमॅटो

आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांमागे गाळ वाळत घालतात. सगळ्या घरांच्या संडासांतून आलेला तो काळा लगदा उन्हात भेगाळतो. मी तिथून श्वास रोखूनच जाते. काल त्या भेगांतून वर आलेली टोमॅटोची झाडं लाल फळांनी लगडलेली दिसली. ती कुणी लावली नव्हती. आपण गिळलेल्या बिया पोटातून तशाच बाहेर पडतात आणि तिथे रुजतात.

शेजारच्या काकू मात्र टोमॅटो खुडून पदरात भरत होत्या.

"घे गं कोशिंबिरीला. आपोआप आलेत."

मी फारशी बोलत नाही. पण गप्प राहिले असते, तर ते रात्री त्यांच्या नातवाच्या ताटात पडले असते.

"नका खाऊ, काकू. खाली घाण आहे."

"अगं, शेणखतातच येतं सगळं."

"शेण गाईचं असतं."

"मग हे कुणाचं?"

मला तो शब्द उच्चारता येईना. मी नुसतं वर, आमच्या खिडक्यांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि पदर सोडला; टोमॅटो खाली घरंगळले.

गाईच्या शेणाने आपण अंगण सारवतो. किळस येते ती आपलीच.

लिफ्टमध्ये आम्ही दोघी हात अंगापासून लांब धरून उभ्या होतो. बटण मी कोपराने दाबलं. मी तर कशाला हातही लावला नव्हता.