अ‍ॅडजस्ट

रविवारी सकाळी नव्या ओट्यापुढे गवंडी महादेव, माझी पत्नी सुमन आणि मी उभे होतो. उंची बत्तीस इंच सांगितली होती. टेपवर छत्तीस आली. सुमनचा खांदा आधीच आखडलेला.

"वहिनी करतील की अ‍ॅडजस्ट!" महादेव हसला.

या क्रियापदाची मला चीड आहे. इंग्रजी शब्दकोशात त्याचा मूळ अर्थ जवळ आणणे असा दिला आहे. पुढे 'जस्ट' म्हणजे न्याय्य, या शब्दाशी त्याची गल्लत झाली म्हणे. आपल्याकडे दोन्ही अर्थ गळाले. चूक एकाने करायची आणि सोसायचं दुसऱ्याने, एवढाच उरला.

"पायाखाली पाट घ्या ना, वहिनी."

"मग रोज येऊन तूच पाटावर उभा राहा आणि पोळ्या लाट," सुमन म्हणाली. "नाहीतर फोड हा."

त्याने फोडला. दुसऱ्यांदा बांधण्याची मजुरी म्हणून मी महादेवला एक रुपयाही दिला नाही.