दस्त्याखालचा रंग

माझ्या थोरल्या चुलत्याचा मी अगदी मनापासून द्वेष केला. लोक म्हणतात, रक्ताच्या नात्यातला राग फार दिवस टिकत नाही. माझा टिकला. सोलापुरात मी मास्तरीण होते, दिवसभर वर्गातल्या पोरांवर डाफरून घरी यायची, तरी त्या माणसापुरता राग माझ्याजवळ शिल्लक असायचाच.

कारण सरळ होतं. आजोबा वारले तेव्हा मंगळवेढ्याच्या घरात मोलाच्या दोनच गोष्टी होत्या. विहिरीखालची चार एकर जमीन आणि एक विलायती रिव्हॉल्वर. आजोबा एका गोऱ्या साहेबाला शिकारीला घेऊन जायचे. मायदेशी निघताना त्याने ते त्यांना दिलं आणि परवानाही करून दिला. बाकीचं कोरडवाहू रान दोघा भावांत निम्मं-निम्मं झालं, पण या दोन गोष्टींवर घोडं अडलं. तेव्हा चुलता माझ्या वडिलांना म्हणाला, "पिस्तूल लाख मोलाचं हाय. त्ये तू घे, हिरीखालचं रान मी घेतो."

वडिलांनी घेतलं. त्यांचा त्या वस्तूवर जीवच होता. "पान्याखालची जमीन दिली आन् लोखंड घेऊन आला," हे आईचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की दोनच्या पाढ्याच्या आधी मला तेच पाठ झालं असेल. वडील म्हणायचे, "तुला कळत न्हाय. तसली वस्तू जिल्ह्यात न्हाय." आई म्हणायची, "येड्याला येडंच बरं वाटतं." आणि दोघंही जेवायला बसायची.

दर खंडेनवमीला चुलता आमच्याकडे यायचा. विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. वडील काडतुसं आधीच काढून कुलपात ठेवत आणि रिव्हॉल्वर घासायला माझ्याकडे देत. पूजा झाली की चुलता पाटासमोर मांडी ठोकून बसायचा, सुपारी कातरायचा आणि म्हणायचा, "आमच्या आबांजवळ व्हतं तवा आरशावानी दिसायचं. तोंड बगून घ्यावं त्यात. तुमच्यात आलं आन् लई कळा गेली बगा त्येची."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमची जमीन खाऊन वर आमच्याच घरात बसून आम्हाला हिणवतो! पुढच्या वर्षी मी चिंच, मीठ आणि विटेची चाळलेली पूड घेऊन सकाळीच अंगणात बसायची. हात भरून येईपर्यंत घासायची. पहिल्या काही वर्षांत त्यावरचं काळपट निघालं, मग ते पांढरं झालं, मग चमकायला लागलं. तरी चुलत्याचं आपलं तेच, "आरसा न्हाय अजून." मी पुढच्या वर्षी आणखी घासायची. एकदा वडील म्हणाले, "आगं, लई घासू नगंस, झिजंल की." त्याच वेळी दारात चुलत्याच्या वहाणा वाजल्या आणि मी जोर वाढवला. नोकरी लागल्यावरसुद्धा त्या एका दिवसासाठी मी रजा काढून गावी जायची. माहेरची ओढ म्हणून नव्हे. त्याच्या नाकावर टिच्चून ते चमकवायचं होतं म्हणून.

मोठा दुष्काळ सरला आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. आई माझ्याकडे सोलापूरला आली. वडिलांबरोबर परवानाही संपला होता. रिव्हॉल्वर ठाण्यात जमा झालं आणि तिथून सात रस्त्याजवळच्या बंदुकांच्या एका परवानेदार दुकानात आलं. विकायचं तर आधी ते नेमकं काय आहे आणि किती मोलाचं आहे हे ठरायला हवं होतं. चुलत्याने हरकत नसल्याची सही द्यायची होती. तो म्हणाला, "सही दुकानातच करतो. मलाबी बगू दे." मला तेच हवं होतं. दुकानदाराने 'भंगार आहे' म्हणायचा अवकाश, चार माणसांत ऐकवायचं वाक्य मी तयार ठेवलं होतं, "माझ्या बापाला तुम्ही लुबाडलंत."

निघताना आई म्हणाली, "किमतीचं ऱ्हाऊ दे. ह्यास्नी फसवलं व्हतं का न्हाय, तेवढं इचारून ये."

दुकानदार वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी रिव्हॉल्वर मधून दुमडून उघडलं, नळी दाराकडे धरून आतून पाहिली, कानाशी नेऊन काडतुसांची चक्री फिरवली. "अंदर से अच्छी है," ते म्हणाले. मग भिंग लावून ते बाहेरून नाव, शिक्का, नंबर शोधायला लागले. काहीच सापडेना. मी मास्तरीण आहे हे कळल्यावर त्यांनी खडू मागितला. माझ्या पिशवीत तुकडा होताच. त्यांनी तो लोखंडावर चोळून वरवर पुसला, तेव्हा अर्धामुर्धा मुकुट आणि दोन आकडे पांढरे उमटले.

त्यांनी मान वर केली. "इसकू किन्ने घिसा?"

मी खडूचा उरलेला तुकडा पिशवीत टाकला.

मग त्यांनी दस्त्याच्या, म्हणजे मुठीच्या, लाकडी फळीचा स्क्रू काढायला घेतला. त्याच्या खाचेत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू दगडासारखं बसलं होतं. ते सुईने कोरावं लागलं. फळी निघाली आणि खाली पिकल्या जांभळासारखा काळानिळा, गुळगुळीत रंग दिसला. त्यात कारखान्याचं नाव, अख्खा मुकुट आणि नंबर, सगळं काल ठोकल्यासारखं. तेवढ्या जागी माझी चिंच पोचली नव्हती.

"ऐसी थी ये. पूरी की पूरी," ते म्हणाले. मग माझ्यासाठी मराठीत, "माल अस्सल आहे बाई. गोरे अंमलदार स्वतःसाठी घ्यायचे तसला. या रंगात, या शिक्क्यांसकट राहिला असता तर शौकीन माणसांनी मागाल ते दिलं असतं. आता नुसतं चालणारं हत्यार आहे. एका दुभत्या म्हशीची किंमत येईल."

"वाटणीत चार एकर बागायतीच्या बदल्यात घेतलं होतं," मी म्हणाले. "फसवणूक झाली का?"

"जमिनीचं मला कळत नाही. पण ज्यानं घेतलं त्याला पारख होती."

चुलता पुढे वाकला. त्याने त्या काळ्या रंगावरून अंगठा फिरवला. "व्हय की," तो म्हणाला, "असंच व्हतं. आबांच्या कमरंला असंच काळंभोर दिसायचं."

"मग आरसा?" माझा आवाज चिरकला. "दर वर्षी आरसा म्हणायचात ते?"

"त्ये व्हय?" तो कागद जवळ ओढत म्हणाला. "तुला चिडवायला म्हनायचो. तू लई चिडायचीस."

आणि त्याने सही केली. माझं वाक्य तोंडातच राहिलं. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याने वडिलांना लुबाडलं नव्हतं, हे तर मला त्या लुबाडण्यापेक्षाही सहन होईना. त्याने काडी टाकली होती, पण घासत मी बसले होते, वडील नको म्हणत असताना.

घरी आले तर आई उंबऱ्यातच बसली होती.

"ह्यास्नी फसवलं व्हतं?"

"नाही. वस्तू खरी होती. वडिलांना पारख होती, असं म्हणाले ते."

आईने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "आन् मी जलमभर त्यास्नी येडं म्हनले गं." मग माझा हात हातात घेऊन माझ्या बोटांवरून हात फिरवत म्हणाली, "तरी बरं, तू दरसाल घासून लखलखीत ठेवलंस. तू तेवढी एकटीनं त्यांच्या वस्तूची कदर केलीस."

मी "हो" म्हणाले.