दत्तू रडला होता

आमची पोस्ट उत्तरेला, बर्फात होती. माझ्या सेक्शनमध्ये दहा जवान, आणि त्यांतला एक सारखा रडायचा. थंडीचा त्रास जास्त झाला की त्याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शिपाई दत्तू वडिवळ्याचा. मी शेजारच्या कामशेतचा, म्हणून सुभेदारसाहेबांनी तो माझ्या गळ्यात मारला. कामाला त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. ओझं उचलायला पुढे, सेंट्रीला कधी डुलकी नाही. पण कुणाची सुट्टी मंजूर झाली की याच्या डोळ्यांना धार. लंगरमध्ये खीर झाली की धार. एकाला मुलगी झाल्याचा फोन आला, तर बाप हसतोय आणि हा रडतोय. बर्फात असले लाड परवडत नाहीत. गॉगलवर वाफ धरते, पापण्यांवर बर्फ जमतो. मी ओरडायचो, "अरे, नळ बंद कर की!"

"व्हय उस्ताद," म्हणायचा आणि डोळे पुसत पुन्हा रडायचा.

एक्स्ट्रा ड्यूटी दिली, बर्फ खणायला लावला, प्रेमानेही समजावलं. काडीचा उपयोग नाही. वर सुभेदारसाहेब मलाच म्हणायचे, "हवालदार, इसका कुछ करो." काय करणार, कपाळ! मला स्वतःला रडू येत नाही. ते बंद कुठून होतं, हे मला कुठून कळणार?

एका सकाळी दत्तू दोघांबरोबर खालच्या पोस्टवरून रेशन आणायला गेला. परतताना वरून बर्फ घसरला. ते दोघे बाजूला फेकले गेले, दत्तू गाडला गेला. आम्ही पोचलो, आधी फावड्यांनी आणि मग हातांनी उकरलं. बाहेर काढला तेव्हा तो शुद्धीवर होता. कमरेखाली काही हलत नव्हतं, पोट दगडासारखं कडक झालं होतं. नर्सिंग असिस्टंटने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

मी रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

"मौसम बंद. हेलिकॉप्टर नहीं आएगा. ओव्हर."

"जवान सीरियस है. ओव्हर."

"मौसम खुलते ही भेजेंगे. वेट करो. आउट."

वेट केलं. बंकरमध्ये त्याला स्लीपिंग बॅगमध्ये घातलं, डोकं माझ्या मांडीवर घेतलं. सगळा सेक्शन भोवती बसला. कुणी त्याचे हात चोळत होतं, कुणी स्टोव्हवर पाणी तापवत होतं. दत्तूने एकेकाकडे पाहिलं आणि सुरू झाला.

"आता कशाला रडतोस?"

"सगळी आलात, उस्ताद."

"मग काय येणार नाही? पुरे कर."

"व्हय उस्ताद."

त्याने पुरे केलं नाही. दुपारी गेला तेव्हाही गाल ओले होते. ते मीच पुसले. मौसम दुसऱ्या दिवशी खुलला.

आता मी रिटायर होऊन तळेगावला राहतो. यंदा वडिवळ्यात दत्तूच्या नावाची कमान उभी राहिली. उद्घाटनाला मी बोलावं असं ठरलं, आणि मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. तरुण मुलगा, सोमाटण्याला ऑफिसात कामाला.

"काका, भाषणात रडण्याचं घेऊ नका. शहीद रडला, हे बरं दिसत नाही."

"पण तो रडला होता."

"हो, पण लोकांना वाटेल घाबरला. त्याच्या आईलाही वाईट वाटेल. हसत हसत गेला म्हणा ना. आपण रीलपण करतोय."

माझं डोकं फिरलं. दत्तू जिवंत असताना त्याला गप करता करता माझा घसा बसला, आणि हा आता मेल्यावर त्याला गप करायला निघाला होता. पण आईला वाईट वाटेल, एवढं मात्र डोक्यात राहिलं. त्याच्या शेवटाबद्दल तिने मला कधी काही विचारलं नव्हतं.

कार्यक्रमाआधी तिच्या घरी गेलो. सोनाबाई मावशी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती. मला बसू दिलं आणि सरळ विचारलं,

"भाऊ, आज खरं सांगा. माजं लेकरू शेवटाला रडलं का?"

अध्यक्षाचं वाक्य मी तोंडात तयार ठेवलं होतं. ते बाहेर पडेना.

"रडला, मावशी. शेवटपर्यंत रडत होता."

तिने पदर तोंडाला लावला. झालं, म्हटलं, घात केला मी.

"मंग भ्याला न्हवता," ती म्हणाली. "भ्याला की त्याच्या डोळ्यात टिपूस येत न्हाई. ल्हानपणी धरणात बुडता बुडता वाचला, तवा दिसभर डोळं कोरडं ठाक. आपली मानसं भवती दिसली की मगच रडायचा. मला इतकी वर्सं त्येच खात हुतं भाऊ, एकटाच तर न्हाई ना गेला?"

मला दोरावरून दरी ओलांडायचा त्याचा पहिला दिवस आठवला. त्या दिवशी दत्तूचे डोळे पूर्ण कोरडे होते, आणि मी खूश होऊन त्याची पाठ थोपटली होती. शाबास, आज शिपाई शोभलास, असंही म्हणालो होतो. इतका राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

कमानीपाशी अध्यक्ष मोबाईल धरून उभा होता. मी माईकवर दत्तूचं नाव, नंबर आणि गाव सांगितलं, आणि मग म्हणालो, "तो रडत गेला. आम्ही सगळे त्याच्याजवळ होतो."