रामकलीची गोळी

मंगळवारी गरौठा गावची रामकली तपासणीला आली... बरोबर धाकट्या जावेला घेऊन. आमच्या सेंटरवर सांधेदुखीच्या एका नव्या औषधाची ट्रायल चालू आहे. आजवर अशा ट्रायलसाठी दिल्ली गाठावी लागे, झाशीत हे पहिल्यांदाच.

कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाले आणि मी कोऑर्डिनेटरचं ट्रेनिंग घेतलं. पेशंटला समजावणं, गोळ्या देणं, परत आलेली पाकिटं तपासणं, हे माझं काम. रामकलीची पाकिटं नेहमी अगदी रिकामी... माझी आदर्श पेशंटच ती.

जाऊ बाकावर बसली होती. मुठी उघडमिट करून दाखवत खुशीत म्हणाली, "बहनजी, तुमाई गोली से हमाए हाथ भी खुल गए."

मी रामकलीकडे पाहिलं. तिने शांतपणे सांगितलं, "आधी हम खात, आधी जे." म्हणजे प्रत्येक गोळी दोघींत अर्धी-अर्धी.

मी भडकले. गोळी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, जिवावर बेतेल, हे दर वेळी बजावलं होतं. दर वेळी तिचं एकच, "जी बहनजी." या वेळी मात्र उलट उत्तर आलं. "एक चूल्हे की दो जनीं... एक खाए, एक देखे? ऐसो हमाए इते नईं होत."

डॉक्टरांना कळवणं भाग होतं. कळवलं. जावेचं रक्त तपासलं, सुदैवाने काही बिघाड नव्हता. पण रामकलीला ट्रायलमधून काढावं लागलं.

जावेलाही रीतसर घेता आलं असतं... पण भरती नुकतीच बंद झाली. तिला हाच आजार आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर कोणी विचारलंच नव्हतं.

उपाशीपोटी रक्त दिल्यावर आम्ही पेशंटला बिस्किटांचा पुडा देतो. पहिल्या दिवशी रामकलीने तो न फोडता पदराला बांधला होता. मी मनात म्हटलं, काटकसरी बाई दिसते... घरी कोणासाठी, हे मनातही आलं नाही.

"चलो, बस निकल जैहै," म्हणत दोघी उठल्या. राग नाही, विनवणी नाही. रामकली कठडा न धरता जिना उतरली. असं अजून किती दिवस उतरेल, कोण जाणे...

सोमवारपासून मला नव्या मुलींना हे काम शिकवायचं आहे. "घर में और किसको यही तकलीफ़ है?" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, असं सांगणार आहे. रामकलीला त्याचा काही उपयोग नाही.