विमलताईची घागर

विमलताई पाण्याची बाटली बादलीत बुडवून, पाण्याखालीच बूच लावायची. मग उलटी धरून पाहायची. एक बुडबुडा दिसला की सगळं ओतून पुन्हा भरायची. प्यायची बाटलीसुद्धा अशीच. मी हसले की म्हणायची, "हवेला जागा दिली की पाणी साक्ष बदलतं."

मुलांनो, अमळनेरच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचे, ती रसायनशास्त्र. तिने लग्न केलं नाही. वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकटा भाऊ नाना तिला न्यायला यायचा. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात आणि घरोघरी पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. नाना दारातूनच ओरडायचा, "चाल ताई, बाटल्या ऱ्हाऊ दे, झोका बांधेल शे."

एका वर्षी तिच्या माहेरच्या गावात वरच्या दुधावरची तान्ही बाळं निळी पडू लागली. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट निघालं. गावाने शेजारच्या खताच्या कारखान्याकडे बोट दाखवलं आणि विमलताईला बोलावलं. घरचीच बाई, आपल्या बाजूने लिहील.

नायट्रोजनचे अणू दोन प्रकारचे असतात, थोडे जड आणि बरेचसे हलके. कारखान्यातल्या खतात त्यांचं प्रमाण एक असतं, मैल्यातून झिरपलेल्या पाण्यात वेगळं. जड अणू जास्त. तिने गावभरच्या बाटल्या भरून लांबच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. उत्तर आलं: कारखान्याच्या भिंतीलगतच्या बोअरमध्ये खत, गावच्या विहिरीत मैला. विहिरीभोवती नव्या संडासांचे शोषखड्डे होते. पहिला नानाचा.

तिने अहवालात दोन्ही लिहिलं. इंग्रजी मीच तपासलं होतं. कारखान्याने विहिरीपुरता भाग छापून वाटला, बोअरचा गाळला. बोअरबद्दल कोणी विचारलं नाही.

नाना माझ्या देखत तिला म्हणाला, "बठ्ठा गाव मना तोंडकडे देखस. तू कोनाकडनी शे, ताई? आम्हनाकडनी का कारखानाकडनी?"

"खड्डे हलव, नाना. तोवर बाळांना ते पाणी देऊ नका."

"उकयीसन देतस ना आम्ही."

"उकळून नायट्रेट जात नाही रे. पाणी आटतं, ते उलट दाट होतं."

तो चहा न घेता गेला. पुढच्या आखाजीला कोणी न्यायला आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ती त्या दिवशी पुरणपोळी करून माझ्याकडे यायची आणि आमच्या नळाची बाटली भरून न्यायची, बुडबुडा न ठेवता. भावाबद्दल एकदाच बोलली: "माझं म्हणणं खोटं आहे, असं तो कधीच म्हणाला नाही."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आखाजीला नानाने मला बोलावलं, तिची पहिली घागर होती. विहिरीभोवतीचे खड्डे अजून तिथेच होते. ओट्यावर नवी मातीची घागर, शेजारी शहरातून विकत आणलेला पाण्याचा जार. तो जार उचलून हळूहळू घागर भरत होता.

"विहिरीचं नाही?" मी विचारलं.

"तिले ते पानी कसं देवू, अक्का?" त्याचे डोळे भरले होते.

आत त्याची सून नातवासाठी दुधाची पावडर कालवत होती. चुलीवरच्या पातेल्यातलं पाणी विहिरीचं होतं. मी नानाकडे पाहिलं. त्याने डोळे पुसले.

"उकयेल शे," तो म्हणाला.