व्हायोलावाल्या भाऊंचं मत

भाऊ व्हायोला वाजवतात. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "अच्छा, व्हायोलिन!" आणि भाऊ "हो, तसंच काहीसं" म्हणून मोकळे होतात. व्हायोला अंगाने जरा मोठा असतो, आवाजाने जाड असतो, व्हायोलिनच्या खाली आणि चेलोच्या वर त्याची जागा असते, हे ते कुणाला समजावत बसत नाहीत. समजावायचं म्हणजे ठाम बोलायचं, आणि ठाम बोलणं हा भाऊंचा प्रांतच नव्हे. बायकोने दोन साड्या पुढे धरून "यातली कुठली?" असं विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, "दोन्ही शोभतील." पंचवीस वर्षांच्या संसारात त्या माउलीने साड्या विचारायचं सोडून दिलं, यात तिची काही चूक नाही.

भाऊ ज्या चौघांत वाजवायचे त्यांना बायको चांडाळ चौकडी म्हणायची. पहिलं व्हायोलिन साहेबांचं. साहेब कुठे साहेब नव्हते, पण वागणं तसं होतं. दुसरं व्हायोलिन ताईचं. चेलो धाकट्याचा. धाकटा चौकडीत आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. आता चव्वेचाळीसचा झाला, डोक्यावरचे केस गेले, तरी नाव तेच राहिलं. एका छापखान्याच्या वरच्या खोलीत त्यांची तालीम चाले. खालचं यंत्र सुरू झालं की स्टँडवरचे कागद थरथरायचे, मग चौघं वाजवणं थांबवून चहा प्यायचे आणि भांडायचे. साहेबांना सगळं पळवायचं असे, धाकट्याला सगळं रेंगाळवायचं असे. दोघं हातघाईवर आले की म्हणायचे, "भाऊ, तूच सांग!" भाऊ कपाचा तळ न्याहाळत म्हणायचे, "तथ्य दोघांच्याही म्हणण्यात आहे." मग ताई पेन्सिल उचलून कागदावर काहीतरी खूण करी, आणि तेच शेवटी वाजवलं जाई.

ताईची आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक रचना सुरू होण्याआधी ती नाकाने जोरात श्वास घ्यायची. चांगला खोलीभर ऐकू जाईल असा. मैफलीत साहेब हनुवटी वर करून मोठ्या ऐटीत सुरुवात करायचे, लोकांना वाटायचं इशारा त्यांचाच. खरं तर तिघंही ताईच्या श्वासावर निघत, साहेबसुद्धा. हे चौघांना पक्कं माहीत होतं आणि कुणी कधी तोंडातून काढलं नव्हतं.

तर झालं असं की गावातल्या मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनची एक कायमची जागा निघाली, आणि परीक्षक म्हणून बाहेरचा एक वादक हवा म्हणून भाऊंना बोलावणं आलं. परीक्षकांची नावं गुप्त ठेवायची होती. थापा मारायची भाऊंना सवय नव्हती, पण तालमीला दांडी मारायला कारण तर हवं. त्यांनी दाढ दुखते असं सांगितलं. नेमकं त्याच दिवशी ताईलाही नातवाला लस टोचायला न्यायचं होतं, म्हणून तालीमच रद्द झाली आणि भाऊंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

परीक्षेची खोली लांबोडकी होती. एका टोकाला टेबलामागे पाच परीक्षक, मधे छतापासून जमिनीपर्यंत काळा पडदा, पडद्यापलीकडे वाजवणारे. ओळखदेख आड येऊ नये म्हणून ही सगळी व्यवस्था. चपलेच्या आवाजावरून बाई की पुरुष तेही कळू नये म्हणून पलीकडे जाड सतरंजी अंथरली होती. वाजवणाऱ्याने बोलायचं नाही, फक्त नंबर पुकारला जाणार. परीक्षकांनी चिठ्ठीवर "होय" किंवा "नाही" एवढंच लिहायचं. पाचही होकार आले तरच निवड. वाजवणारा ओळखीचा आहे असं कळलं तर त्या परीक्षकाने तसं सांगून खोलीबाहेर जायचं, पुढचं सगळं उरलेल्या चौघांनीच ठरवायचं.

प्रत्येकाने तीच दोन पानं वाजवायची होती. सहाव्या नंबरापर्यंत भाऊ जांभई मिटल्या तोंडाने द्यायला शिकले. मग अध्यक्षांनी पुकारलं, "सात नंबर."

पडद्यामागे क्षणभर शांतता. मग श्वास आला.

भाऊंचा उजवा हात टेबलावरून आपोआप उठला, बोटांत व्हायोलाचा गज धरल्यासारखा, आणि पेन उडून थेट शेजारच्या परीक्षकांच्या, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकांच्या, पाण्याच्या पेल्यात पडलं. एकोणीस वर्षांची सवय ती, हाताला काय ठाऊक आपण परीक्षक आहोत म्हणून!

"काही म्हणायचंय?" अध्यक्षांनी दबक्या आवाजात विचारलं.

"छे, छे. हाताला मुंग्या आल्या."

पलीकडे ताई वाजवत होती. भाऊ ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं की ताईला एकटीला आपण कधी ऐकलेलंच नाही. कायम तिच्या शेजारी बसून, आपल्याच तारांच्या आवाजातून तिला ऐकलं. ती इतकं सुंदर वाजवते? इतकी वर्षं हे सगळं साहेबांच्या सावलीत बसून करत होती? भाऊंचा ऊर भरून आला. पण ती गेली तर चौकडी संपली.

संचालकांनी पुसून परत दिलेलं पेन त्यांच्या हातात होतं. एक "नाही" लिहिलं की काम झालं. कुणाला कळणार नव्हतं. चिठ्ठीवर नावही लिहायचं नव्हतं. भाऊंनी पेन टेकवलंसुद्धा.

पण त्यांना मागच्या दौऱ्यातला रेल्वेचा फलाट आठवला. वर्षातले शंभर दिवस चौकडी परगावी असायची. फलाटावर पेटीवर बसून ताईने फोनवर नातवाची पहिली पावलं पाहिली होती. "छान चालतोय की," म्हणाली, आणि पुढचा सगळा प्रवास खिडकीबाहेर बघत बसली. ती जागा तिला का हवी होती, ते भाऊंना कुणी सांगायची गरज नव्हती. वाद्यवृंद गावातच वाजवतो. संध्याकाळी माणूस आपल्या घरी असतो.

वादन संपलं. संचालक मान हलवत हळूच म्हणाले, "हात फार गोड आहे. पण तो श्वास ऐकलात? ऐंशी जणांत बसून असं फुसफुसणं चालायचं नाही. मी तर 'नाही' म्हणतो."

आणि भाऊ उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "मी ओळखतो," ते म्हणाले. "मघाशीच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. मी बाहेर जातो. पण जाता जाता एवढं ऐका. त्या श्वासावर आम्ही तिघं एकोणीस वर्षं निघतोय, आणि एकदाही रस्ता चुकलेलो नाही. असं एक माणूस तुमच्या ऐंशीत असलं तर तुमचा निम्मा ताप कमी होईल. घ्या तिला!"

"तिला?" अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. "अहो, ती सतरंजी मग कशाला अंथरली आम्ही? जा तुम्ही, जा. तुम्ही बोललात ते आम्ही ऐकलेलंच नाही."

संचालक मात्र ऐकत होते. त्यांनी चिठ्ठी पुन्हा पुढे ओढली होती.

भाऊ बाहेरच्या बोळात बाकावर जाऊन बसले. दोन मिनिटांत पलीकडच्या दारातून ताई बाहेर आली, पेटी छातीशी धरून. दोघांनी एकमेकांना पाहिलं.

"दाढ कशी आहे?" ताईने विचारलं.

"बरी आहे. नातवाला टोचलं?"

"मागच्याच महिन्यात." ती बाकावर बसली. "व्हायोलाची पण जागा आहे का रे इथे?"

"मी वाजवायला नव्हतो आलो. परीक्षक होतो. मघापर्यंत. तू श्वास घेतलास आणि माझा हात उठला."

ताईचा चेहरा पडला. "म्हणजे तुला कळलं. मग तू काय लिहिलंस?"

"लिहिलं काहीच नाही. तोंडाने सांगितलं, घ्या तिला म्हणून."

ताई हसत सुटली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी मग थांबेना. "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मत दिलंस मेल्या, तेही मला घालवायला!"

भाऊंनाही रडू आलं. दोन जाणती माणसं बोळात बसून नाक पुसत होती. उरलेले चौघं उमेदवार वाजवून गेले, तरी यांचं चाललेलंच होतं. शेवटी दार उघडलं आणि कारकून म्हणाला, "सात नंबर. आत या, अभिनंदन." ताईला उठवेना. भाऊंनीच पाठीला हात लावून तिला आत ढकललं.

मग त्यांनी साहेबांना फोन लावला. आता वादळ होणार, हे धरूनच चालले होते.

"साहेब, ताईची निवड झाली. वाद्यवृंदात."

"झाली? वा!" साहेब म्हणाले. "शिफारसपत्र कुणी लिहिलंय मग?"

"तुम्ही? तुम्हाला ठाऊक होतं?"

"धाकट्यालाही ठाऊक होतं. तुझ्यापासून लपवलं, कारण तुझं तोंड बघून ती गेलीच नसती." साहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ऐक भाऊ. माझी बोटं आता पूर्वीसारखी पळत नाहीत. तू कधी बोलला नाहीस, पण तुला ऐकू येतच असणार. पहिल्या खुर्चीवर आपण कुणीतरी तरुण आणू. दुसऱ्या खुर्चीवर मी बसतो."

"साहेब, ते तुम्हाला जमायचं नाही," भाऊ म्हणाले. आज त्यांची जीभ सैल झाली होती, ती आवरेना. "दुसरं व्हायोलिन फार अवघड असतं."

पलीकडे साहेब मोठ्याने हसले. मग हसू थांबलं. "मला माहीत आहे ते," ते हळूच म्हणाले. "म्हणून विचारतोय. ताई शिकवेल का रे मला? तूच विचार तिला. मला धीर होत नाही."

ताई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद होता आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. भाऊंनी साहेबांचं म्हणणं तिला जसंच्या तसं सांगितलं आणि फोन पुढे केला. तिने तो हातात घेतला, पण बराच वेळ कानाला लावलाच नाही. मग लावला.

"सोमवारी सकाळी दहाला, माझ्या घरी," ती म्हणाली. "आणि स्वतःची पेन्सिल घेऊन या. माझी मिळणार नाही."